तटाच्या आतला इतिहास

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ त्याची राजधानी ठरली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं आपापल्या फायलींच्या मागोमाग उत्तरेला निघाली. आमचं कुटुंब त्यातलंच. बाबा सचिवालयात कारकून होते. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बाबांच्या वाट्याला भोपाळ आलं. घरात आजी, आई, दोघे थोरले भाऊ आणि सगळ्यांत धाकटी मी. लोखंडी ट्रंका, पितळी डबे, पाटा-वरवंटा आणि आजीचे देव एवढं घेऊन आपण निघालो, असं आई सांगायची. तो पाटा-वरवंटा भोपाळच्या घरात पाहिल्याचं मला काही आठवत नाही, पण आईच्या सांगण्यात तो दरवेळी असायचा, म्हणून इथंही असू दे.

तात्या टोपे नगरातले सरकारी क्वार्टर अजून बांधून व्हायचे होते. ज्यांना जिथं जागा मिळाली तिथं ते राहिले. आम्हाला जुन्या शहरात, बुधवाऱ्यात, एका घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. खाली घरमालक राहायचे. मालकीणबाईंना सगळा मोहल्ला बी अम्मा म्हणायचा, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांचे यजमान नवाबी अमलात शाळामास्तर होते. त्यांना बाबा मास्टरसाहेब म्हणत आणि ते बाबांना पंडितजी. आम्ही ब्राह्मण नाही हे बाबांनी दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

आजी नागपूरच्या महाल भागातली. राजवाड्याच्या आसपास वाढलेली. पहाटे मशिदीची अजान ऐकून ती उठून बसली आणि म्हणाली, "मायबाई, कुठं आणून सोडलं वं आम्हाले!" पण पंधरवडा झाला नसेल, तोच दुपारची वामकुक्षी आटोपली की ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायला लागली. बी अम्मा खालच्या पायरीवर. मधे बी अम्मांचा बटवा. भोपाळी बटवा म्हणजे काय ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. जरीकाम केलेला, नाडीनं आवळायचा, आत सुपारी, लवंग, वेलची आणि तळाशी जर्दा. आजी जर्द्याला हात लावत नसे. सुपारी मात्र घेई.

त्या दोघींची खाण्यापिण्याची जी रीत होती, ती आजच्या मुलांना सांगितली तर त्यांना विचित्र वाटतं. आजी खालच्या घरचं शिजवलेलं खात नसे, पाणीही पीत नसे. बी अम्मांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी त्याबद्दल कधी तोंड वाकडं केल्याचं मला आठवत नाही. ईदला आमच्याकडे वर येई तो कोरा शिधा: शेवया, साखर, खोबऱ्याची वाटी, चारोळी आणि दुधाचं भांडं. आई आमच्या चुलीवर शीरखुर्मा करी. दिवाळीला आजीचा चिवडा आणि अनारसे खाली जात. ते मात्र तसेच्या तसे खाल्ले जात. आम्ही मुलं कुठलीच रीत पाळत नव्हतो. खालच्या चुलीवर हिरव्यागार सांबाराचा, म्हणजे आमच्या नागपुरी बोलीतल्या कोथिंबिरीचा, रेझाला नावाचा मटणाचा रस्सा उकळत असला की माझा थोरला भाऊ अभ्यासाचं पुस्तक घेऊन खालीच जाऊन बसे. चिमूटभर मीठ घातलेला भोपाळी चहा मी तिथंच प्यायला शिकले, आणि आजही साखरेच्या चहात मीठ नसलं तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की माझं इतिहासाचं शिक्षण शाळेत फार थोडं झालं. ते झालं त्या जिन्यावर.

बाबांना इतिहासाचं वेड होतं. ट्रंकेत गोविंद सखाराम सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'चे खंड होते. रविवारी ते आम्हाला वाचून दाखवत. त्यात बाबांचं आवडतं प्रकरण म्हणजे १७३७ सालचा डिसेंबर. निजाम दिल्लीकडून मोठी फौज घेऊन आला आणि बाजीरावानं त्याला भोपाळात कोंडला. रसद तोडली. निजामानं ७ जानेवारी १७३८ ला दोराह्याला तह केला, माळवा सोडला, शिवाय पातशहाकडून ५० लाख मिळवून द्यायचं कबूल केलं. दोराहा भोपाळहून फार लांब नाही. बाबा एकदा मुद्दाम बसनं तिथं जाऊन आले होते. तिथं पाहण्यासारखं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, पण परत आले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता.

मी ही गोष्ट जशीच्या तशी खाली जाऊन सांगितली. बाजीराव आला, त्यानं वेढलं, निजाम शरण आला. बी अम्मा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "और बेटा, भोपालवाले? वो क्या कर रिये थे?"

मला उत्तर येईना. वर जाऊन बाबांना विचारलं. बाबांनी खंड चाळला, बराच वेळ चाळला. त्या वेळी इथं यार मोहम्मद खानचं राज्य होतं, दोस्त मोहम्मद खानचा हा मुलगा, आणि निजामानंच त्याला गादीवर बसवलं होतं, एवढं त्यांनी सांगितलं. पण वेढ्यात अडकलेल्या गावात धान्याचा भाव काय झाला, विहिरी आटल्या का, बायकामुलं कुठं लपली, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. तिथं भोपाळ हे फक्त लढाईच्या जागेचं नाव होतं. लढणारे पुण्याचे आणि हैदराबादचे.

दुसऱ्या दिवशी बी अम्मांनी आपली गोष्ट सांगितली. "तुम्हारे बाजीराव तो आए और गए. फिर आए नागपूरवाले." हे त्यांनी आजीकडे बघून म्हटलं आणि दोघी हसल्या.

ते साल १८१२-१३. ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरचे भोसले यांच्या फौजा मिळून भोपाळवर चालून आल्या. शिंद्यांकडून जगू बापू, नागपूरकडून सिद्दीक अली. आत वजीर मोहम्मद खान, मूठभर शिपाई आणि गावची माणसं. वेढा महिनोनमहिने चालला. बी अम्मांच्या नानीच्या नानीनं तो बघितला होता. ही चार पिढ्यांची कहाणी, तेव्हा तिच्यात किती मिसळलं असेल ते असो. आत धान्य संपलं, माणसं चिंचोके आणि पाला खाऊ लागली. शिड्या लावून शत्रू तटावर चढू लागला तेव्हा बायकांनी छपरांवरचे दगड, कवेलू, जे हाती लागेल ते वरून टाकलं. नानीच्या नानीनं म्हणे आपल्या घरचा पाटा उचलून टाकला. बी अम्मा हे सांगताना हात वर करून टाकल्याचा अभिनय करत. आता लिहिताना मला वाटतं, आईच्या आठवणीतला पाटा-वरवंटा आणि बी अम्मांच्या गोष्टीतला पाटा माझ्याच मनात एकमेकांत मिसळले असतील. तसं असेल तर असो, दोन्ही घरं माझीच होती.

आणि सिद्दीक अलीची गोष्ट. बी अम्मा सांगत, की त्याला स्वप्नात कुणी बुजुर्ग दिसले, त्यांनी त्याला या गावावरचा वेढा उठवायला सांगितलं, आणि तो फौज घेऊन नागपूरला परत गेला. "सच-झूठ अल्ला जाने," हे वाक्य शेवटी ठरलेलं. पण मला त्या वेळी धक्का बसला तो स्वप्नाचा नव्हे. नागपूरच्या भोसल्यांचा सेनापती मुसलमान होता, आणि तो मुसलमानांच्या भोपाळवर चालून आला होता, याचा. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, त्यात काय? पानिपतावर आपला तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता. तो आपल्यासाठी मेला." मग त्यांनीच थोडं थांबून म्हटलं, "तुझ्या बी अम्मांना विचार, भोपाळच्या तटावर हिंदू शिपाई होते का." बी अम्मांनी कपाळावर हात मारला. "होते का? बेटा, भोपाळ होतं ते. सगळेच होते."

आजीनं या सगळ्यावर एकच वाक्य म्हटलं होतं. "आमच्या महालात आम्हाले कुणी सांगितलंच नाही ना वं, का आम्ही कुणाच्या घरावर चालून गेलो होतो म्हणून." ती हे वाईट वाटून म्हणाली का सहज, ते माझ्या आठवणीत नाही. वाक्य मात्र राहिलं.

बी अम्मांना लिहिता-वाचता येत होतं, उर्दू आणि थोडं फारसी. त्याचा त्यांना भारी अभिमान. सुलतान जहाँ बेगमनं १९०३ मध्ये सुलतानिया कन्याशाळा काढली, तिच्या पहिल्यापहिल्या मुलींत आपण होतो, असं त्या सांगत. पडद्याच्या गाडीतून नेत-आणत. सुलतान जहाँना त्या 'सरकार अम्मा' म्हणत आणि नाव घेताना ओढणी डोक्यावर सारखी करत. भोपाळवर एकामागून एक चार बेगमांनी राज्य केलं हे शाळेतल्या इतिहासाच्या धड्यात एका ओळीत होतं. बी अम्मांकडे त्या चौघी घरच्या बायकांसारख्या यायच्या. कुदसिया बेगम, जिचा नवरा नजर मोहम्मद १८१९ मध्ये घरातच पिस्तुलाची गोळी लागून गेला. ती तेव्हा विशीच्या आसपासची, कडेवर तान्ही मुलगी. तिनं मुलीचा हक्क सांगितला आणि स्वतः कारभार हाती घेतला. तिची लेक सिकंदर, जी घोड्यावर बसायची आणि महसुलाचे कागद स्वतः तपासायची. तिची लेक शाहजहाँ, जिनं ताज-उल-मसाजिद बांधायला घेतली आणि १९०१ मध्ये ती अपुरीच टाकून गेली. आमच्या लहानपणी ती मशीद तशीच अपुरी उभी होती. काम पुन्हा सुरू झालं १९७१ मध्ये, मौलाना इमरान खान नदवींच्या पुढाकारानं, आणि पुरं झालं १९८५ च्या सुमाराला. आणि चौथ्या सरकार अम्मा.

मास्टरसाहेबांच्या कपाटात या बायकांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं होती. हे मी तेव्हा गृहीतच धरलं होतं, की राण्या असतात म्हणजे त्या पुस्तकं लिहितात. पुढं कळलं की ही किती दुर्मीळ गोष्ट आहे. सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला गेली आणि तिनं प्रवासवर्णन लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर ती गेल्यावर, १८७० मध्ये, लंडनला छापलं गेलं. मास्टरसाहेब त्यातलं सांगत तेव्हा बी अम्मा तोंडाला पदर लावून हसत. कारण सिकंदर मक्केत जाऊनही राज्यकर्तीच राहिली. जिद्द्याची अस्वच्छता, जकातीचा घोळ, तिथल्या अंमलदारांचा कारभार, सगळं तिनं पाहून ठेवलं. तिची आई कुदसिया बरोबर होती, ती सढळ हातानं दानधर्म करी आणि तिच्याभोवती मागणाऱ्यांची झुंबड उडे. लेक मग वैतागे. "हज भी की और हिसाब भी रखा," असं मास्टरसाहेब म्हणत. त्यांच्या दृष्टीनं ही सर्वांत मोठी शाबासकी होती.

शाहजहाँ बेगमनं भोपाळचा इतिहासच लिहिला, 'ताज-उल-इक्बाल'. १८७६ मध्ये तो कलकत्त्याला इंग्रजीत निघाला. बायकांसाठी 'तहजीब-उन-निस्वाँ' लिहिलं, ते १८८९ चं. सुलतान जहाँनं तर आत्मचरित्र लिहिलं, पणजीचं आणि आईचं चरित्र लिहिलं. यात एक गोष्ट मास्टरसाहेब आवाज खाली करून सांगत. शाहजहाँ बेगमनं १८७१ मध्ये विद्वान सिद्दीक हसन खान यांच्याशी दुसरं लग्न केलं, त्यानंतर आई-लेकीत फूट पडली आणि कित्येक वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. लेकीनं राज्यावर आल्यावर हे दुःख आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. मास्टरसाहेब म्हणत, "आईचं पुस्तक वाचशील तेव्हा लेकीचं शेजारी ठेव. दोन्ही खरी आहेत, आणि दोन्हीत काहीतरी गाळलेलं आहे." इतिहास कसा वाचावा याचा याहून चांगला धडा मला पुढं कुठल्याही कॉलेजात मिळाला नाही.

ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून त्यांनी मला अलिफ-बे शिकवलं. पाटीवर. बाबा बाराखडीसाठी एक पाटी आणत, मास्टरसाहेब दुसरी. आईला धास्ती वाटे, की पोरीचं अक्षर बिघडेल. उर्दू उजवीकडून लिहायचं, मराठी डावीकडून, असं करता करता पोरगी मधेच अडकून बसेल. तसं काही झालं नाही.

आता सांगते ते मला फार उशिरा उमगलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, भोपाळच्या मुसलमानांचा इतिहास म्हणजे एकच काहीतरी असणार, एका सुरात सांगितलेला. बुधवाऱ्यात तसं नव्हतं. १८५७ चा विषय निघाला की मास्टरसाहेब आणि त्यांचे मेहुणे यांच्यात इतका वाद होई, की बी अम्मा पानाचा डबा मधे सरकवत. सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूनं राहिली आणि राज्य वाचवलं, हे मास्टरसाहेबांचं म्हणणं. मेहुणे म्हणत, आणि सिहोरला ज्या शिपायांनी त्याच वर्षी 'सिपाही बहादूर' सरकार उभं केलं, ते कोण होते? फाजिल मोहम्मद खान कोण होता? फाजिल मोहम्मद खान गढी अंबापानीचा जहागीरदार, भोपाळच्याच घराण्याच्या नात्यातला. त्याला इंग्रजांनी जानेवारी १८५८ मध्ये राहतगडच्या किल्ल्यावर फाशी दिलं. एकाच बैठकीत, एकाच घरात, दोन इतिहास. दोघेही नमाजी. बाबाही त्या वादात बसत. ते तात्या टोप्यांकडून बोलत, अर्थातच. पुढं आम्ही तात्या टोपे नगरात राहायला गेलो, तेव्हा मास्टरसाहेब बाबांना म्हणाले, "पंडितजी, सिकंदर सरकारच्या राजधानीत तुम्ही तात्यांना बसवलंत." आणि स्वतःच पुढं म्हणाले, "बरं झालं. दोघांनाही जागा पाहिजे."

मौलाना बरकतुल्ला यांचं नाव मी पहिल्यांदा या मेहुण्यांकडून ऐकलं. १८५४ मध्ये भोपाळात जन्मलेला हा माणूस जगभर फिरला, टोकियोच्या विद्यापीठात हिंदुस्थानी शिकवली, अमेरिकेत गदर पक्षात गेला. १ डिसेंबर १९१५ ला काबूलमध्ये हंगामी सरकार स्थापन झालं, तेव्हा राजा महेंद्रप्रताप अध्यक्ष आणि मौलाना पंतप्रधान. १९२७ मध्ये ते अमेरिकेत वारले. मी हे घरी सांगितलं तर आजी एकदम म्हणाली, "गदर? अवो, ते तर आपल्या खानखोज्यांचं!" नागपूर-वर्ध्याकडे पांडुरंग खानखोज्यांचं नाव घराघरात होतं. मग त्या जिन्यावर खानखोजे आणि बरकतुल्ला यांची गाठ पडली. दोघं एकाच पक्षाचे, दोघं घरापासून हजारो कोस दूर. आजीला त्या दिवसापासून मौलाना आपल्यातले वाटू लागले. भोपाळचं विद्यापीठ १९७० मध्ये निघालं आणि १९८८ मध्ये त्याला बरकतुल्लांचं नाव दिलं गेलं. ते ऐकायला आजी आणि बी अम्मा, दोघींपैकी कुणीही राहिलं नव्हतं.

संक्रांतीची आठवण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आजी तिळगूळ घेऊन खाली गेली होती, मी बरोबर. मास्टरसाहेबांनी वडी हातात घेतली आणि म्हणाले, "आज बोरासचा दिवस." १४ जानेवारी १९४९. भोपाळ अजून भारतात विलीन झालं नव्हतं, नवाब हमीदुल्ला खान गादीवर होते. नर्मदेच्या काठी बोरासच्या घाटावर संक्रांतीची जत्रा भरली होती. तिथं तिरंगा फडकवणाऱ्यांवर पोलिसांनी गोळी चालवली. चार तरुण पोरं गेली. मास्टरसाहेबांनी नवाबाच्या शाळेत नोकरी केलेली, नवाबाचं मीठ खाल्लेलं. तरी ते म्हणाले, "ती गोळी नको होती." मग त्यांनी शाकिर अली खान यांची गोष्ट सांगितली. हा माणूस मुसलमान, रियासतीच्या प्रजा मंडळाचा पुढारी, पुढं कम्युनिस्ट. नवाबाविरुद्ध उभा राहिला, तुरुंगात गेला आणि नंतर लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. भोपाळचं राज्य १ जून १९४९ ला केंद्राच्या ताब्यात आलं. मी त्याच वर्षी जन्मले, म्हणून आजी मला कौतुकानं 'विलीनीकरणाची पोट्टी' म्हणायची.

बी अम्मांच्या घरात कराचीची पत्रंही यायची. थोरला मुलगा फाळणीनंतर तिकडं गेला होता. नवाबाची थोरली लेक आबिदा सुलतान, जी गादीची वारस होती, तीही १९५० मध्ये पाकिस्तानात गेली. तिच्या मुलानं, शहरयार खाननं, पुढं भोपाळच्या बेगमांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बी अम्मांना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही का नाही गेलात? मुलं काहीही विचारतात. त्या म्हणाल्या, "नानीच्या नानीनं ज्या तटावरून दगड मारले, तो सोडून कुठं जाऊ?" आणि मग लगेच स्वयंपाकघरातून कुणाला तरी हाक मारली, की कढईखालचा विस्तव कमी कर.

पुढं मी इतिहासात एम.ए. केलं. तेव्हा मॅल्कमचं मध्य हिंदुस्थानावरचं पुस्तक हाती आलं, १८२३ चं. त्यात भोपाळचा वेढा होता. वजीर मोहम्मद होता, जगू बापू होता, सिद्दीक अली होता. इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलं, म्हणून जगानं खरं मानलं. बी अम्मांनी सांगितलं ती मात्र गोष्ट ठरली. तेच नाव, तोच तट. मला तेव्हा फार राग आला होता. आज राग नाही, पण एक ठाम मत झालं आहे.

मुसलमानांच्या बाजूनं इतिहास आणि समाज समजून घ्यायचा म्हणजे त्यांची वकिली करायची, असं पुष्कळांना वाटतं. भोपाळनं मला वेगळं शिकवलं. त्या घरात शिरलात की आधी कळतं, की आत किती माणसं आहेत आणि ती आपापसांत किती भांडतात. इंग्रजांशी मैत्री करणारी सिकंदर आणि इंग्रजांच्या फाशीवर गेलेला फाजिल मोहम्मद. नवाब हमीदुल्ला आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले शाकिर अली. बुरख्यात राहून १९११ मध्ये लंडनचा राज्याभिषेक पाहून आलेल्या आणि १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झालेल्या सुलतान जहाँ. शिब्ली नोमानींना पैगंबरांचं चरित्र लिहायला पैसा देणाऱ्याही त्याच. यांतला कुठलाही एक माणूस उचलून 'मुसलमान असे असतात' असं म्हणता येत नाही. आणि हे बाहेरून दिसत नाही. आत जाऊन, पायरीवर बसून, त्यांच्या बायकांच्या तोंडून ऐकावं लागतं.

आणि आपला इतिहासही तिथूनच नीट कळतो. सरदेसाईंचे खंड मी आजही वाचते, बाबांच्या हातच्या खुणा असलेले तेच खंड. बाजीरावाचा भोपाळचा विजय वाचताना माझा ऊर आजही भरून येतो, ते मी लपवत नाही. पण आता त्या पानावर मला तटाच्या आतल्या विहिरीही आठवतात. मला नाही वाटत यानं बाजीराव लहान होतो. शहाण्या माणसांनी हे आपल्याकडे पूर्वीच केलं आहे. सेतुमाधवराव पगडींनी फारसी कागद वाचून मराठ्यांचा इतिहास मराठी वाचकांपुढं ठेवला, शत्रूच्या दरबारात आपल्याबद्दल काय लिहिलं जात होतं ते दाखवलं. त्यानं मराठ्यांचं काही कमी झालं नाही.

भोपाळ रियासतीचं दप्तर आज राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भोपाळमधल्या कार्यालयात आहे. नागपूरच्या भोसल्यांचे कागद मोडीत आहेत. ज्यांना मोडी येते त्यांना बहुधा उर्दू येत नाही, आणि ज्यांना उर्दू-फारसी येते त्यांना मोडी. माझे डोळे आता बारीक अक्षराला थकले आहेत. पण भोपाळात, नागपुरात, औरंगाबादेत, कुठंही इतिहास शिकणारी पोरं-पोरी असतील, त्यांना माझं मागणं आहे. एकानं मोडी शिकावी, दुसऱ्यानं उर्दू-फारसी, आणि दोघांनी एका टेबलावर बसून १८१२-१३ चा वेढा दोन्ही बाजूंनी लिहावा, नागपूरच्या छावणीतून आणि भोपाळच्या तटावरून. तोवर तुमच्या मोहल्ल्यात, तुमच्या घरात कुणी आजी, कुणी बी अम्मा असतील, तर आजच जाऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. त्या सांगतील त्यातलं काही चुकीचं असेल, काही मिसळलेलं असेल. ते तपासता येतं. न विचारलेलं मात्र पुन्हा मिळत नाही.